सडक आधीं, वस्ती मागाहून

गांव आधीं वसतें आणि मग त्यास वाटा फुटतात, असा आपल्या लोकांचा सर्वसाधारण समज आहे, व जुन्या गांवांच्या बाबतींत तो बहुतेक खराही आहे. पांढरी ठरली, विहिरीस पाणी लागलें, मारुतीची स्थापना झाली, म्हणजे शेजारच्या गांवाकडे जाणारी पाऊलवाट आपोआप पडते. ती कोणी आंखून द्यावी लागत नाहीं. परंतु इंग्रजी अमलांत वऱ्हाडांतील जीं शहरें नांवारूपास आलीं, त्यांच्या नव्या वस्त्यांची कथा याच्या नेमकी उलट आहे. तेथें सडक आधीं आली. वस्ती मागाहून, सडकेच्या कडेकडेनें, कोणी बोलावल्यावांचून व कोणी सोय केल्यावांचून येऊन बसली. खामगांवांत बाळापूर फैल म्हणून मजुरांची जुनी वस्ती आहे, अकोल्यास अकोट फैल आहे. फैल म्हणजे काय हें वऱ्हाडी वाचकांस सांगावयास नको. या वस्त्यांस कोणा संस्थापकाचें नांव मिळालें नाहीं, देवाचें मिळालें नाहीं. ज्या गांवाकडे वाट जाते त्या गांवाचें नांव मिळालें. तेवढ्यावरूनच त्यांचा जन्मदाता कोण हें उघड होतें.

आज हा विषय काढण्यास एक निमित्त झालें आहे. थोड्या दिवसांपूर्वीं आमच्या वकिलीच्या कचेरींत एक सेवानिवृत्त शिक्षक आले. शहराच्या बाहेर, मोठ्या सडकेस लागून असलेल्या एका शेताचे तुकडे पाडून ते विकले गेले. त्यांपैकीं एक त्यांनीं आयुष्याच्या पुंजींतून घेतला व त्यावर घर बांधलें. त्यांच्या पिशवींत मुद्रांकावर लिहिलेलें साठेखत होतें, एक रंगीत नकाशा होता, आणि सातबाराचा उतारा होता. नकाशांत घरापुढें तीस फूट रुंदीचा रस्ता व कोपऱ्यावर बगीचा दाखविलेला. उताऱ्यांत ती जमीन अद्याप जिराईत, आणि कब्जेदार म्हणून मूळच्या शेतकऱ्याचेंच नांव. नकाशांतला रस्ता जागेवर नव्हताच. तेथें दुसऱ्या एका गृहस्थाचें कुंपण उभें होतें. नळ नाहीं, गटार नाहीं. नगरपालिका म्हणते वस्ती हद्दीबाहेरची, ग्रामपंचायत म्हणते आमची ऐपत नाहीं. सगळी हकीकत सांगून झाल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, मी काय कागद पाहिले नाहींत, सडक पाहून जागा घेतली." हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. कारण वऱ्हाडांत गेलीं दीडशें वर्षें लोक हेंच करीत आले आहेत, आणि दर पिढींत सडकेनें त्यांस तेवढाच दगा दिला आहे.

सडकेपूर्वींचें वऱ्हाड कसें होतें याची कल्पना आज मोटारींतून हिंडणाऱ्या मंडळींस येणें कठीण. आपल्या पयनघाटाची काळी जमीन कपाशीस जितकी अनुकूल, तितकीच चाकास प्रतिकूल. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं गाडी आंसापर्यंत रुतावी, आणि दसऱ्यापर्यंत वाट बंद. म्हणून माल वाहून नेण्याचें काम गाड्यांपेक्षां लमाणांच्या बैलांचें होतें. हजारों बैलांचे तांडे पाठीवर कापूस लादून थेट मिर्झापुरापर्यंत, म्हणजे पांचशें मैलांच्या वाटेनें, जात असत. वाटेंत पाऊस लागला तर कापूस भिजून त्याचा डोंब होई, आणि धूळ तर ठरलेलीच. मुंबईकडे तोंड फिरविलें तें पेस्तनजी मेहेरजी व विकाजी मेहेरजी या पारशी सावकारांनीं. १८२५-२६ च्या सुमारास त्यांनीं वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईस नेण्यास आरंभ केला. याच पेढीकडे पुढें निजाम सरकारनें कर्जापोटीं वऱ्हाडचा वसूल लावून दिला होता, व तो काढून घेतल्यावर जो तंटा झाला तो हैदराबादच्या इतिहासांत प्रसिद्धच आहे. खामगांवची पेठही याच काळांतली. १८२० च्या सुमारास कांहीं व्यापाऱ्यांनीं तेथें दुकानें मांडलीं आणि तूप, सूत व थोडा कापूस यांचा व्यापार सुरू केला. पुढें जें शहर हिंदुस्थानांतील नामांकित कापूसपेठ म्हणून गाजलें, त्याचा आरंभ एवढा साधा होता.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें. निमित्त निजामाच्या पदरीं ठेविलेल्या फौजेच्या थकलेल्या खर्चाचें; प्रांत मात्र असा निवडला कीं ज्याची माती पाहून मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या तोंडास पाणी सुटावें. आठ वर्षांनीं, १८६१ त, अमेरिकेंत यादवी पेटली, दक्षिणेकडील संस्थानांचीं बंदरें कोंडलीं गेलीं, व लँकेशायरच्या चात्या कापसावांचून थांबूं लागल्या. मग मात्र वऱ्हाडच्या रस्त्यांची काळजी विलायतेंत होऊं लागली. मध्यप्रांत व वऱ्हाड यांजकरितां रिव्हेट-कार्नॅक यांस खास कापूस-कमिशनर नेमण्यांत आलें. जी सडक शेतकऱ्याच्या बैलाच्या खुरांकरितां शंभर वर्षें झाली नव्हती, ती गांसडीकरितां पांच-दहा वर्षांत झाली. आम्ही सडकेच्या विरुद्ध नाहीं. खडी फोडून, मुरूम दाबून, नाल्यांवर मोऱ्या बांधून जें काम त्या वेळच्या इंजिनिअरांनीं व त्यांच्या हाताखालील वडार-बेलदारांनीं केलें तें पक्कें होतें, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ती सडक कोठून कोठें जावी हें ठरवितांना वऱ्हाडांतला माणूस कोणाच्या डोळ्यांपुढें नव्हता. डोळ्यांपुढें होता कापूस, आणि कापसापुढें मुंबईचा धक्का.

आगगाडीचेंही तेंच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा रस्ता भुसावळाहून मलकापूर, नांदुरा, शेगांव असा पयनघाटाच्या सपाटींतून निघाला आणि १८६७ त नागपुरास पोंचला. सपाट जमीन पाहून आंखलेल्या या रुळांनीं खामगांवास आठ मैल बाजूस टाकलें. एवढी मोठी पेठ, आणि स्टेशन नाहीं! हंगामांत खामगांवाहून रुळांकडे जाणाऱ्या सडकेवर गाड्यांची जी रीघ लागे, ती सडकेच्या कडेस वस्ती उत्पन्न करणारी पहिली शक्ति होय. गाडी थांबली कीं बैलांस पाणी व कडबा पाहिजे. धांव निसटली कीं लोहार पाहिजे. आरा मोडला कीं सुतार पाहिजे. गाडीवानास भाकर पाहिजे, व रात्रीं आडवें होण्यास छप्पर पाहिजे. या पांच गरजा म्हणजेच सडकेवरच्या वस्तीचा पाया. १८७० त जलंब ते खामगांव हा आठ मैलांचा फांटा तयार झाला व खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्तें त्याचा समारंभ झाला. हिंदुस्थानच्या बड्या लाटानें आठ मैलांच्या फांट्यास हात लावावा, यावरून त्या कापसाची पत काय होती हें कळून येईल.

फांटा झाल्यावर शहराची जी मांडणी झाली ती आजही जागेवर वाचतां येते. एका तोंडास जुनें गांव, दुसऱ्या तोंडास स्टेशन, आणि मध्यें कापसाचा बाजार, अडत्यांच्या वखारी, सरकी काढणारे जिन व गांसड्या दाबणारे प्रेस. सडकेच्या दर्शनी बाजूस पेढ्या आल्या, कारण व्यापारास तोंड लागतें. आणि जिनांत राबणारा मजूर, हमाल, मापारी, गाडीवान यांस शहरांत जागा कोणी दिली नाहीं म्हणून ते बाहेर निघणाऱ्या सडकांच्या कडेस, सरकारी पडीत पाहून, झोंपडी घालून राहिले. दुष्काळानें घाटावरून उतरलेलीं कुटुंबेंही तेथेंच विसावलीं. ज्यांस गांवकुसाच्या आंत विहिरीवर घागर बुडविण्याची मोकळीक नव्हती, त्यांस तर सडकेची कड हाच काय तो मोकळा मुलूख होता. कारण सडक सरकारची, ती कोणाच्या वतनाची नव्हती. हें श्रेय सडकेस दिलेंच पाहिजे. जो बंधमोक्ष धर्ममार्तंडांच्या सभांनीं झाला नाहीं, तो थोडाबहुत खडीच्या रस्त्यानें झाला. परंतु मोकळीक मिळाली म्हणून पाणी मिळालें असें नव्हे. फैलांतल्या बायकांस पाण्याच्या पाळीसाठीं कशी रात्र काढावी लागे, हें आम्हीं वडील माणसांच्या तोंडून अनेकदां ऐकलें आहे.

१९०१ च्या शिरगणतींत खामगांवची लोकसंख्या १८,३४१ भरली. २०११ च्या गणतींत ती ९४ हजारांवर गेली. हा आंकडा नगरपालिकेच्या हद्दींतला. हद्दीस चिकटलेल्या सुटाळा, वाडी, घाटपुरी या गांवांत जीं हजारों माणसें शहराचें जीवन जगतात व कागदोपत्रीं खेड्यांत राहतात, तीं यांत आलीं नाहींत.

सडक जशी देते तशी हिरावूनही घेते, याचीं उदाहरणें आपल्या दाराशींच आहेत. मोगलाईंत बाळापूर म्हणजे वऱ्हाडांतलें भारदस्त ठाणें. अबुल फजलच्या ग्रंथांत ज्या परगण्याची नोंद आहे, जेथें नदीच्या कांठीं मिर्झा राजा जयसिंगाची छत्री आहे, एलिचपूरच्या नबाबानें ज्याचा किल्ला १७५७ त पुरा केला, तें हें गांव. रूळ त्याच्या उत्तरेनें पारसवरून निघून गेले. बाळापूर राहिलें तेथेंच. त्याचें नांव मात्र खामगांवांतील मजुरांच्या वस्तीस चिकटलें. घाटाच्या पायथ्याचें रोहिणखेड घ्या. बऱ्हाणपुराकडून वर घाटमाथ्यावर जाणाऱ्या फौजा या वाटेनें जात. १४३७ त व पुन्हां १५९० त तेथें मोठ्या लढाया झाल्या, मशीद उभी राहिली, बाजार भरला. पुढें इंग्रजी सडक राजूरच्या घाटानें चढली आणि रोहिणखेडची वाट गुरांपुरती उरली. आज ज्या व्यापाऱ्यास आपल्या दुकानाच्या मोक्याचा अभिमान वाटतो, त्यानें एकदां रोहिणखेडास जाऊन यावें.

आतां खुद्द बुलढाण्याकडे वळूं. भिल्लांचें ठाणें म्हणून भिलठाणा, त्याचा बुलढाणा, अशी त्या नांवाची उपपत्ति लोकांत रूढ आहे. मेहकर, मलकापूर, देऊळगांव राजा यांच्यापुढें त्यास कांहींच प्रतिष्ठा नव्हती. १८६० नंतरच्या दशकांत जिल्ह्याचें मुख्य ठाणें म्हणून साहेबांनीं हें निवडलें, त्याचें मोठें कारण म्हणजे हवा. दोन हजार फुटांहून अधिक उंचीवरचें पठार, वैशाखांतही रात्रीं गारवा. खालीं मलकापुरास अंगाची लाही होत असतां येथें साहेबास पंख्याखालीं झोंप लागे. पण हवेच्या ठाण्यास टपाल पाहिजे, तिजोरी पाहिजे, पोलीस पाहिजेत, म्हणून मलकापूरच्या स्टेशनापासून राजूरचा घाट चढून येणारी अठ्ठावीस मैलांची सडक पाहिजे. ती सडक म्हणजे बुलढाण्याची नाळच होय. जें येथें आलें तें तिच्यावरून वर आलें: कलेक्टर आला, कचेरी आली, तुरुंग आला, शाळा आली, पाठोपाठ अर्जनवीस, मुखत्यार आणि वकीलही आले. आमचा धंदाही सडकेनेंच वर आणलेला आहे, हें येथें प्रांजळपणें नमूद करतों. १९०१ त हें जिल्ह्याचें ठाणें असूनही येथें चार हजारांच्या आसपासच वस्ती होती. १९०५ त वऱ्हाडच्या जिल्ह्यांची नवी वांटणी होऊन खामगांव व जळगांव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्यास जोडले गेले, आणि पेठ पायथ्याशीं व कचेरी माथ्यावर अशी विचित्र जोडी जमली. तेव्हांपासून खामगांवच्या व्यापाऱ्यास दाव्याच्या तारखेकरितां घाट चढावा लागतो.

२०११ त बुलढाण्याची वस्ती ६७ हजारांवर गेली होती. ही वाढ कोणत्या दिशेनें झाली? मलकापूरच्या सडकेनें, चिखलीच्या सडकेनें, धाडकडे जाणाऱ्या सडकेनें. वरून पाहिलें तर शहर हाताच्या बोटांसारखें दिसतें. बोटांच्या टोंकास घरें दाटलेलीं, आणि दोन बोटांमध्यें शेतें मोकळीं, कारण तेथें जावयास वाट नाहीं. अशा वाढीचा खर्च फार असतो. एकाच ठिकाणीं शंभर घरें असतील तर त्यांस जेवढा नळ पुरतो, त्याच्या कितीतरी पट लांबीचा नळ सडकेनें लांबलेल्या शंभर घरांस लागतो. पैनगंगेवरील येळगांवच्या धरणांत पाणी असून बोटांच्या टोंकास टँकर धांवतो, याचें अर्धें उत्तर या आकारांत आहे. मूल शाळेंत जातें तें सडकेवरून, म्हातारा फिरावयास निघतो तो सडकेवरून, आणि त्याच सडकेवरून मालमोटारी जातात. इंग्लंडांत हाच रोग जडला तेव्हां १९३५ त पार्लमेंटानें खास कायदा करून मोठ्या रस्त्यांच्या मध्यापासून २२० फुटांच्या आंत परवानगीवांचून बांधकामास मनाई केली. आपल्याकडे हा रोग वाढ म्हणून मिरविला जातो.

मुंबईचें उदाहरण येथें बोधप्रद आहे, व तें आमच्या व्यापारी वाचकांच्या परिचयाचेंही आहे. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्यें खाडी. सायनचा बांध गव्हर्नर डंकन यांच्या कारकीर्दींत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, सरकारनें बांधला आणि त्यावरून जाणाऱ्या वाहनांकडून पट्टी घेतली. माहीमाहून वांद्र्यास मात्र होडीनेंच जावें लागे, व तेथें पूल बांधण्यास कंपनी सरकारनें पैसा देण्याचें नाकारलें. तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं पदरचे १,५७,००० रुपये दिले, आणि या पुलावर कोणतीही जकात बसवूं नये अशी अट घातली. १८४५ त पूल खुला झाला. मासे धरणारांचें व भात पिकविणारांचें वांद्रें पुढें बंगल्यांचें वांद्रें झालें. पुढें घोडबंदरापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर, ज्यास आतां स्वामी विवेकानंदांचें नांव आहे, एकामागून एक उपनगरें उभीं राहिलीं. पण पूल झाला म्हणून वांद्र्याच्या मूळ रहिवाशाचें भात कोणी वाढविलें नाहीं. त्याची शेती गेली आणि बंगल्याच्या मागची गल्ली त्याच्या वांट्यास आली.

या उलट दुसरें उदाहरण पाहा. १८९६ त मुंबईंत प्लेग शिरला, हजारों माणसें गेलीं, आणि त्या धक्क्यानें १८९८ त सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. या संस्थेची दडपशाही आम्हांस ठाऊक आहे. तिनें जुन्या चाळी पाडल्या त्या मानानें गरिबांस घरें दिलीं नाहींत. परंतु दादर-माटुंग्याकडे तिनें जी वसाहत आंखली तिचा क्रम सरळ होता: आधीं रस्ते, गटारें व मोकळीं मैदानें, मग भूखंड, आणि शेवटीं घर. आज शंभर वर्षांनंतरही हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी येथील झाडांखालून चालतांना तो क्रम पायांस जाणवतो. प्लेगनें जें सरकारास शिकविलें तें आमच्या वऱ्हाडांतील नगरपालिकांस कशानें शिकवावें, हें आम्हांस कळत नाहीं.

कोणी म्हणेल, पैसा कोठें आहे? खामगांवची नगरपालिका कांहीं आजकालची नव्हे. ती १८६७ त, म्हणजे फांट्याच्याही आधीं, स्थापन झाली. शहरांत येणाऱ्या मालावर जकात होती. सडक जेथें हद्द ओलांडी तेथें नाका असे, आणि नाक्याच्या पलीकडे दहा पावलांवर, जकात चुकविण्याकरितां, वखारी व दुकानें उभीं राहत. सडकेवरच्या उपनगराचें हें दुसरें बीज. १९९९ त महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात उठली, नाके ओस पडले, पण नाक्यापलीकडची वस्ती कायम राहिली व वाढत गेली. तिच्यापासून नगरपालिकेस कर नाहीं, म्हणून तिला नगरपालिकेचें पाणी नाहीं. व्यापारी दिवसभर शहराच्या पेठेंत कमावतो, रात्रीं हद्दीबाहेर निजतो, आणि दोन्हीकडे कर कमी म्हणून स्वतःस हुषार समजतो. मात्र घरांत पाणी टँकरचें विकत घेतो, त्याचा हिशेब मांडीत नाहीं. वऱ्हाडच्या व्यापाऱ्यास हिशेब येत नाहीं असें कोण म्हणेल? कापसाच्या मापांत व कडत्यांत लबाडी फार झाली तेव्हां १८९७ त खास वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारावर समिती बसली, वजनें तपासलीं जाऊं लागलीं, व त्याच नमुन्यावर पुढें इतर प्रांतांनीं आपले बाजार चालविले. सरकीच्या मापांत जी शिस्त आपण एकोणिसाव्या शतकांत मान्य केली, ती जमिनीच्या मापांत मान्य करण्यास एकविसाव्या शतकांत अडचण कोणती?

कायद्याची उणीव आहे असें म्हणतां येणार नाहीं. हें आम्ही वकील या नात्यानें सांगतों. १९५५ च्या महामार्ग कायद्यांत सडकेच्या दोन्ही बाजूंस इमारत रेषा व नियंत्रण रेषा ठरविण्याची तरतूद आहे. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा शहराची विकास योजना तयार करावयास लावतो. इतकें असून तुकडे पडतच राहिले, तेव्हां २००१ त गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, व पुढें २०२१ त त्याची मुदत आणखी अलीकडे ओढून २०२० अखेरपर्यंतचे तुकडे त्यांत घेतले गेले. जें आज बेकायदेशीर तें थोडा दम धरल्यास उद्यां कायदेशीर होतें, असा अर्थ तुकडे पाडणारानें यांतून काढला तर त्याची बुद्धि मंद आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. दंड भरतो कोण? शेत विकून मोकळा झालेला दलाल नव्हे. आमच्या शिक्षकांसारखा शेवटचा खरेदीदार. शंभर माणसांस एकेक भुर्दंड बसविण्यापेक्षां पहिल्या खुंटीच्या वेळींच एका माणसास अडविणें सोपें असतें. पण एका माणसाजवळ वशिला असतो, शंभरांजवळ नसतो.

आमच्या या लिहिण्यावर एक आक्षेप येईल, व तो पोकळ नाहीं. कडक नियम लावले तर जमीन महागेल आणि गरिबास सडकेची कडही राहणार नाहीं. फैल नियमबाह्य होतें म्हणूनच तर मजुरास शहरांत शिरतां आलें, असें एका मित्रानें आम्हांस ऐकविलें. गोष्ट खरी आहे. म्हणून आमचा आग्रह घरें पाडण्याचा नाहीं, तर सडकेच्या मागें दुसरी वाट पाडण्याचा आहे. मोठ्या सडकेस समांतर, शे-दोनशें पावलें आंत, साधी मुरमाची वाट नगरपालिकेनें आधीं आंखून ठेविली व तिच्याखालून नळ नेला, तर बोटांमधलीं मोकळीं शेतें उपयोगांत येतील, जमीन महागण्याऐवजीं स्वस्त होईल, आणि लेकरांस महामार्गावरून शाळेंत जावें लागणार नाहीं. यास लागणारा पैसा मोठा नाहीं. आंखणीच्या वेळीं थोडी जमीन प्रत्येकाकडून घेतली म्हणजे भागतें. हद्दवाढीच्या ठरावास शेजारच्या ग्रामपंचायती विरोध करतात, कारण कर वाढतो व सरपंचपद जातें. नगरपालिका टाळाटाळ करते, कारण जबाबदारी वाढते. या दोघांच्या भांडणांत जो मधल्या पट्ट्यांत राहतो त्यास मतही दोन ठिकाणीं मागितलें जातें आणि पाणी एकाही ठिकाणीं मिळत नाहीं.

ही गोष्ट आतां निकडीची झाली आहे, कारण आपल्या जिल्ह्यांतून पुन्हां एक नवी मोठी सडक गेली आहे. नागपूर ते मुंबई या दिशेचा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग मेहकर व सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं व शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. ही सडक जुन्या सडकांसारखी नाहीं. तिच्या दोन्ही बाजूंस कुंपण आहे. वाटेंत बैल थांबत नाहीं, चहाची टपरी बसत नाहीं. जें काय होणार तें तिच्या चढ-उताराच्या मोजक्या ठिकाणींच होणार, आणि तेथें नवीं नगरें वसविण्याची योजना सरकारनें सडकेबरोबरच जाहीर केली होती. नगरें होतील तेव्हां होतील. त्या ठिकाणांभोंवतीं शेतांचे तुकडे पाडणें मात्र कोणाच्या योजनेसाठीं थांबत नसतें. जिजाबाईंच्या जन्मगांवाच्या वेशीबाहेर दुसरें बाळापूर फैल उभें राहावें, आणि त्यासही कोणा दूरच्या गांवाचें नांव पडावें, हें ज्यांस नको असेल त्यांस बोलण्याची वेळ हीच आहे. १८७० चा आगगाडीचा फांटा खामगांवींच थांबला तो अद्याप तेथेंच आहे. जालन्यापर्यंत तो नेण्याची मागणी कित्येक पिढ्यांची आहे, आणि बुलढाणा हें जिल्ह्याचें ठाणें असून त्यास आजही आगगाडी नाहीं. ती येईल तेव्हां चिखली, देऊळगांव राजा या बाजूंस स्टेशनांच्या जागा ठरतील, व ठरण्यापूर्वींच त्या कोणास तरी कळतील. तेथील नगरपालिकांनीं स्टेशनाच्या भोंवतालची विकास योजना रुळांच्या आधीं मंजूर करून चावडीवर लावावी, आणि तुकडा घेणारानें खरेदीपूर्वीं ती पाहावी, एवढी तजवीज आजपासून करतां येण्यासारखी आहे.

शिक्षकांच्या प्रकरणीं आम्हीं दोन अर्ज लिहून दिले आहेत. एक गुंठेवारीचा, दुसरा नकाशांतल्या रस्त्यावरील कुंपण काढण्याविषयींचा. अर्जासोबत सडकेच्या मध्यापासून घराचें अंतर द्यावें लागतें, म्हणून फीत घेऊन आम्ही स्वतः जागेवर गेलों. घर रेषेच्या बाहेर सुरक्षित आहे. ओटा आणि तुळशीवृंदावन मात्र आंत येतें. सडक रुंद होईल तेव्हां तेवढें जाईल, असें सांगतांच त्यांच्या मंडळींनीं विचारलें, "मग वृंदावन आतांच मागच्या अंगणांत हलवूं का?" मागें अंगण होतें, पण तेथें जावयास वाट नव्हती.